शहर येण्याआधी सातबाऱ्यावर कोण होते?

सातबारा वाचायचा असेल तर उजवीकडून वाचावा. डावीकडे क्षेत्र आणि आकार, मधोमध खातेदारांची नावे. बहुतेकांची नजर तिथेच थांबते. खरा मजकूर उजव्या रकान्यात असतो. कूळ, खंड आणि इतर अधिकार. कल्याण तालुक्यातल्या एखाद्या जुन्या गावाचे आठ-दहा उतारे शेजारी शेजारी ठेवून हा रकाना वाचत गेले की गावाचा इतिहास समोर येतो. एका उताऱ्यावर ‘कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ अशी नोंद, दुसऱ्यावर आदिवासी खातेदार म्हणून कलम ३६अ चा शेरा, तिसऱ्यावर ‘महार वतन, नवीन शर्त’, चौथ्यावर भूसंपादनाची नोंद. पाचव्यावर फक्त सोसायटीच्या कर्जाचा बोजा, तोही कमी झालेला. आणि सगळ्यांच्या माथ्यावर भूधारणा पद्धती : भोगवटादार वर्ग १, म्हणजे मोकळी जमीन, किंवा वर्ग २, म्हणजे परवानगीच्या अटीने बांधलेली.

आपल्या जमिनीवर टॉवर उभा राहील की नाही, मुलाच्या शिक्षणासाठी ती तारण ठेवता येईल की नाही, विकायची तर कलेक्टर कचेरीच्या किती पायऱ्या चढाव्या लागतील, हे सगळे या चार-सहा शब्दांवर ठरते. आणि त्यातले बरेचसे शब्द जातीवरून पडलेले आहेत.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात गेल्या पन्नास वर्षांत जी संपत्ती तयार झाली, तिच्यातला मोठा भाग कोणी कष्टाने कमावलेला नाही. तो जमिनीचा चढलेला भाव आहे. लोकल आली, एमआयडीसी आली, खाडीपूल झाले, महापालिका झाल्या आणि भाताची खाचरे चौरस फुटांत मोजली जाऊ लागली. शहर आले तेव्हा ज्याचे नाव कागदावर होते त्याला ते पावले; ज्याचे नव्हते त्याला शहराने मजुरी दिली. म्हणून इथल्या आर्थिक विषमतेचा शोध पगाराच्या चिठ्ठीत घेऊन भागत नाही. पगार एका माणसाच्या हयातीतला असतो, मालमत्ता मात्र आजा-पणजाकडून येते. त्या आजा-पणजाला मालमत्ता धरण्याचा हक्क होता का, हा मूळ प्रश्न आहे.

वतन : जमीन होती, मालकी नव्हती

महारांकडे जमीन नव्हती, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. वतनाची जमीन होती, हाडकी-हाडोळा म्हणतात ती. तिच्या बदल्यात गावकीची कामे होती : सरकारी सांगावा पोचवणे, वसुलाची रक्कम तालुक्याला नेणाऱ्याबरोबर चालणे, शिवेच्या तंट्यात हद्द दाखवणे, मयताची वार्ता परगावी नेणे, मेलेली जनावरे ओढणे. कामाला वेळ-काळ नव्हता आणि मोबदला मात्र एका तुकड्यावर बांधलेला. कोकणात तर देशावरच्या मानाने हे तुकडे लहान. पिढीगणिक वाटेकरी वाढत गेले आणि जमीन तेवढीच राहिली.

या जमिनीची गोम अशी की ती विकता येत नव्हती, गहाण टाकता येत नव्हती आणि गाव सोडले तर टिकत नव्हती. इंग्रजांनी १८७४ च्या वतन कायद्याने ही व्यवस्था मोडली नाही, कागदावर पक्की केली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतनदार महाराला कामातून मोकळे होण्याचा मार्ग द्यावा आणि जमीन पूर्ण साऱ्यावर त्याच्याकडेच ठेवावी, असा त्याचा रोख होता. समितीत त्याचे दात काढले गेले आणि पुढच्या वर्षी त्यांनी ते मागे घेतले. वतन ही गुलामी आहे, हे त्यांचे म्हणणे भावनेपोटी नव्हते. ज्या मालमत्तेवर भांडवल उभे करता येत नाही आणि जी सोडताही येत नाही, ती मालमत्ता नसून दावण असते, हा त्यांच्यातल्या अर्थशास्त्रज्ञाचा हिशेब होता.

ही दावण सुटायला आणखी तीस वर्षे लागली. कनिष्ठ गावकामगार वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ मध्ये झाला. गावकीची सक्ती गेली. जमीन जुन्या वतनदारांना फेरप्रदान करण्याची तरतूद झाली, पण नव्या शर्तीवर, वर्ग २ म्हणून. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. माणूस मोकळा झाला, जमीन बांधलेलीच राहिली.

जंगल : कातापासून वीटभट्टीपर्यंत

आजचा ठाणे जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळे झाल्यानंतरचा आहे. त्याआधीच्या जुन्या ठाणे जिल्ह्यात वारली, मल्हार कोळी, ठाकूर, कातकरी, कोकणा अशा आदिवासींची मोठी वस्ती होती. खैराच्या झाडापासून कात पाडणारे ते कातकरी. डोंगरउतारावर नाचणी-वरी, खाली भात, आणि भाताच्या रोपासाठी राब भाजायला टहाळे-पाला आणण्याचे वरकस रान, असा हा संसार. १८७८ चा वनकायदा आला आणि हे रान सरकारी झाले. टहाळा तोडणे हा गुन्हा, खैर तोडणे हाही गुन्हा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ मध्ये खास वन आयोग नेमावा लागला. आयोगाने गाऱ्हाणी लिहून घेतली. जंगल खात्याकडेच राहिले.

हातचा धंदा गेला की माणूस सावकाराच्या दारात जातो. ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात त्यातून ‘लग्नगडी’ तयार झाला. लग्नासाठी घेतलेल्या थोडक्या पैशांपोटी तो सावकाराकडे राबायचा, बायकोही राबायची, आणि कर्ज फिटायचे नाव नसायचे. या भागातल्या आदिवासींच्या स्थितीची पाहणी मुंबई सरकारने १९३०च्या दशकाअखेर सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडून करून घेतली. त्याच्या अहवालात वेठबिगार आणि जमीनदारांची मारहाण यांची सरकारी भाषेत नोंद आहे. जमीन मुळात कोणाची होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. दस्तात मात्र ती जमीनदार-सावकारांच्या नावे चढली होती.

या गोष्टीत कल्याण तालुक्याचे एक मानाचे पान आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे पहिले अधिवेशन भरले. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे आले, त्यांत माह्या धांगडा होते. तिथे त्यांनी आपली कहाणी सांगितली आणि गोदावरी व शामराव परुळेकर त्यांच्या गावांकडे वळले. शामराव हे त्याआधी आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते, हा धागा सहसा कोणी जोडत नाही. २३ मे १९४५ ला झरीला हजारो वारल्यांनी वेठ न करण्याची शपथ घेतली. पुढे मुंबईच्या तबेल्यांना जाणाऱ्या गवताच्या कापणीसाठी संप झाला. मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्यात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी काही वारली मेले. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकाने हा लढा मराठी वाचकांच्या घरात पोचला.

वेठ गेली. जमीन त्या मानाने फारच थोडी परत आली. १९७४ मध्ये राज्याने कायदे केले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगरआदिवासींकडे गेलेल्या जमिनी आदिवासींना परत करायच्या आणि त्यापुढे शासनाच्या मंजुरीशिवाय आदिवासी जमिनीचे हस्तांतर होऊ द्यायचे नाही; सातबाऱ्यावरचे कलम ३६अ ते हेच. सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना प्रकरणात हे कायदे वैध ठरवले. पण १९५७ च्या आधी जे गेले, ते या चौकटीबाहेरच राहिले. त्याआधीच्या शंभर वर्षांची लूट कायद्याच्या तारखेने पचवली गेली.

मुरबाड, शहापूर, कर्जतकडची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर कल्याण-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. पावसाळ्यात घेतलेली उचल डोक्यावर असते. नवरा माती मळतो, बायको साचा मारते, पोरे विटा उलथवून वाळत घालतात. हिशेब हजारी विटांवर. दर आठवड्याला हातात पडते ती खर्ची, पोटापुरती. पावसाच्या तोंडावर भट्टी उठते तेव्हा विटांचा आकडा, पावसाने भिजलेल्या विटांची वजावट आणि उचल यांची गोळाबेरीज मालक आपल्या वहीतून वाचून दाखवतो. कित्येकदा त्यातून पुढच्या वर्षाचीच उचल निघते. वेठबिगार बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. त्या विटांच्या भिंती ज्यांच्या नावावर चढतात, त्यांचे घर दर काही वर्षांनी महाग होते. साचा मारणारीच्या हाताला मागच्या हंगामासारखीच खर्ची पडते.

कूळ : कायदा कोणाला लागला

मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारे कूळ मालक झाल्याचे मानले गेले. महाराष्ट्रात विसाव्या शतकात झालेली संपत्तीची ही सर्वांत मोठी फेरवाटणी. ठाणे-कल्याणच्या गावांतले अनेक आगरी आणि कुणबी शेतकरी याच कायद्याने खातेदार झाले. शेजारच्या कुलाब्यात नारायण नागू पाटलांनी १९३३ पासून काही वर्षे चरीला शेतकऱ्यांचा संप चालवला होता. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले होते. कूळकायद्यामागे ही सगळी पुण्याई होती.

पण कूळ ठरायला कागद लागत होता. पीकपाहणीत नाव हवे, नाहीतर खंडाची पावती हवी. कायदा येणार ही कुणकुण मालकांना आधीच लागली होती. तुझे नाव काढतो, जमीन तूच कर, असे सांगून राजीनामे घेतले गेले. स्वतः कसायला हवी म्हणून जमिनी परत घेतल्या गेल्या. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत हे ‘स्वखुशीचे’ राजीनामे ठळकपणे दिसले होते. जो गडी होता, सालदार होता, कुळाच्याच शेतावर रोजाने जाणारा होता, त्याचे नाव तर कुठल्याच रकान्यात नव्हते. त्यांत महार होते, कातकरी होते, ठाकूर होते. फेरवाटणी झाली ती गावाच्या मधल्या पायरीपर्यंत येऊन थांबली.

आणि ज्यांची जमीन गेली त्यांचे काय झाले? कोकणातल्या कित्येक ब्राह्मण घरांत कूळकायद्याने जमीन गेल्याची हळहळ अजून ऐकू येते, आणि ती खोटी नाही. विधवा बाईच्या नावची दोन खंडी भाताची जमीन गेली तर घर बसतेच. पण त्या घरातला मुलगा मॅट्रिक झालेला होता. मुंबईत त्याचा मामा कचेरीत होता, आत्याची खोली गिरगावात होती. जमीन गेली तरी त्या जमिनीने दोन-तीन पिढ्या पोसलेले शिक्षण, ओळख आणि शहरात टेकायला जागा हे भांडवल हातात राहिले. ते भांडवल घेऊन तो डोंबिवलीला उतरला.

पगार : लोकलच्या डब्यातली उतरंड

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोचले. कल्याण जंक्शन झाले, शेड आली, रेल्वे कॉलनी आली. गावकीतून सुटायला दलितांना मिळालेला हा एक मोठा दरवाजा. पण दरवाजाच्या आत पुन्हा उतरंड होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे आंबेडकरांनी ती मोजून दाखवली. अस्पृश्याला रुळांवर गँगमन म्हणून घेतात, हमाल म्हणून घेत नाहीत, कारण हमाल स्टेशनमास्तराच्या घरचीही कामे करतो आणि तिथे विटाळ आडवा येतो. मुंबईच्या गिरण्यांत तर जास्त मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. सरकारी नोकरीत अनुसूचित जातींना ठरावीक वाटा मिळाला तो १९४३ मध्ये, आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना.

दुसऱ्या बाजूला पगारदार पांढरपेशा वर्ग घरे बांधण्याची विद्या शिकला होता. १९१५ मध्ये मुंबईत गावदेवीला सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. एका जातीच्या माणसांनी एकमेकांच्या जामिनावर जागा घ्यायची, हा तिचा पाया. ही पद्धत पुढे सगळ्या शहरात पसरली. डोंबिवली वसली ती याच पगाराच्या आणि याच ओळखीच्या जोरावर. बँकेत, विमा कंपनीत, मंत्रालयात नोकरी. प्रॉव्हिडंट फंडातून उचल. ओळखीतला सोसायटीचा सेक्रेटरी. स्टेशनपासून दहा मिनिटांवर दीड खोल्यांचा ब्लॉक. त्या माणसाने काटकसर केली यात शंका नाही. ६ वाजून ५२ मिनिटांच्या गाडीला लटकून त्याने घर फेडले. पण आज त्याच ब्लॉकची पुनर्विकासात दोन बेडरूमची जागा होते, ती काटकसरीपायी होत नाही. तो ब्लॉक त्याला योग्य वेळी घेता आला, एवढ्यानेच होते.

राखीव जागेवर लागलेला रेल्वेतला किंवा पालिकेतला पहिल्या पिढीचा नोकरदार त्याच गाडीत उभा होता. फरक एवढाच की त्याच्या पगारावर गावाकडची पाच-सहा तोंडे होती, मागे विकायला जमीन नव्हती आणि घर घ्यायची ऐपत आली तेव्हा भाव वर गेले होते. त्याला मिळाली ती कल्याण पूर्वेला चाळीतली खोली, किंवा कोणाच्या तरी गावठाणालगत कागदावाचून बांधलेली. चाळीच्या खोलीचा भावही चढतो, पण कागद नसल्यामुळे बँक तिला हात लावत नाही.

कॅम्प : सरकारने ठरवले तर

या सगळ्याला नशीब म्हणून सोडून देता आले असते, पण कल्याणच्या उशालाच त्याचा पडताळा आहे. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी म्हणजे कल्याण कॅम्प. फाळणीनंतर तिथल्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. नेसत्या वस्त्रांनिशी आलेल्या या माणसांना सरकारने छप्पर दिले, धंद्याला कर्ज दिले, आणि १९५४ च्या कायद्याने भरपाई व मालकीची सोय केली. सिंधी माणसाची मेहनत आणि धंद्याची अक्कल वादातीत आहे. पण त्या मेहनतीखाली सरकारने पाया घातला होता. ज्यांची मालमत्ता गेली त्यांना ती उभी करून देणे हे शासनाचे काम आहे, हे तत्त्व १९४९ मध्ये कल्याणजवळ मान्य झाले होते. ते रेल्वेच्या रुळापलीकडच्या महारवाड्याला आणि मलंगगडाच्या पायथ्याच्या कातकरवाडीला कधी लावले गेले नाही, कारण त्यांची मालमत्ता एका रात्रीत गेली नव्हती, ती हळूहळू काढून घेतली होती किंवा कधी होऊच दिली नव्हती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसे तुरुंगात गेली. मागणी साधी होती : पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या.

सातासमुद्रापारचा भाऊबंद

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आंबेडकरांनी १९४६ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांनी युनोकडे केलेल्या अर्जाची चौकशी केली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. हा संबंध सहानुभूतीचा आहे, तसाच तो हिशेबाचाही आहे.

तिकडे जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मनने किनारपट्टीची जमीन मुक्त गुलामांच्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांनी द्यायचा हुकूम काढला. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सनने ती जुन्या मालकांना परत केली. तीन वर्षे आधी, १८६२ मध्ये होमस्टेड कायदा झाला होता. १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन फुकट, आणि ती प्रामुख्याने गोऱ्यांच्या पदरात पडली. १९३० नंतर सरकारी गृहकर्ज योजनांच्या नकाशांवर काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या गेल्या, म्हणजे तिथे कर्ज द्यायचे नाही. जमीन नाही, मग कर्ज नाही, मग घर नाही. २०२२ च्या अमेरिकी फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मध्यावरच्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता २,८५,००० डॉलर होती, काळ्या कुटुंबाची ४४,९००. गुलामी संपल्याला दीडशेवर वर्षे झाली होती.

जात आणि वंश एक नव्हेत. तिकडे माणूस बाजारात विकायला उभा केला, आपल्याकडे गावकीला बांधून ठेवला. पण मालमत्ता धरू द्यायची नाही, धरली तर वाढू द्यायची नाही, आणि मग पुढच्या पिढीला तुमच्यात धमक नाही म्हणायचे, ही रीत दोन्हीकडे सारखी आहे.

भाव : चाळीस पट आणि निम्मे

आता पुन्हा सातबाऱ्याकडे. कूळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कलम ४३ चे बंधन असते. २०१४ च्या दुरुस्तीने ते सैल झाले : खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून जमीन मोकळी करता येते. आकार म्हणजे शेतसारा, एकराला काही रुपये. त्याची चाळीस पट म्हणजे एखाद्या लग्नातल्या आहेराएवढी रक्कम. महार वतनाच्या जमिनीला हे माप नाही. ती बिनशेती करून विकायची तर बाजारभावाच्या निम्मा नजराणा सरकारला. एकाच गावातल्या, एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या जमिनी. एकीची किल्ली शेतसाऱ्यात, दुसरीची चालू बाजारभावात. एवढा नजराणा कोणत्याही वतनदाराच्या खिशात नसतो. मग तो भरणारा बिल्डर येतो, कुलमुखत्यारपत्र होते, आणि वाटेकऱ्यांच्या लांबलचक यादीतल्या प्रत्येकाच्या हातावर काहीतरी टेकवले जाते. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर वतन जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तेव्हा वतन म्हणजे काय, हे शहरी वाचकाला पहिल्यांदा शोधून पाहावे लागले.

आदिवासी जमिनीची गत निराळी. कलम ३६अ नसते तर ठाण्याच्या डोंगरात आदिवासीच्या नावे गुंठाही उरला नसता. पण त्याच शेऱ्यामुळे बँका कर्ज द्यायला हात आखडतात. म्हणजे राखण आहे, वापर नाही. आणि राखणही कशी, ते येऊरला पाहावे. ठाणे महापालिकेच्या हद्दीत, राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत पाटोणपाडा, जांभूळपाडा, रोणाचा पाडा अशा आदिवासी वस्त्या आहेत. तिथे बंगले, हॉटेले आणि खेळाची टर्फ उभी राहिली आणि ती प्रकरणे उच्च न्यायालयापर्यंत गेली.

जमीन असलेल्यालाही सरकारने सोडले नाही, हेही सांगायला हवे. नेवाळीला महायुद्धात धावपट्टीसाठी इंग्रजांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपले, जमीन परतली नाही, आणि २२ जून २०१७ ला त्याचा भडका उडाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या गावांनी नवी मुंबईसाठी जमीन दिली; दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच जण पोलिसांच्या गोळीला बळी पडले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पदरात पडले. आगरी समाजाचा हा लढा लखलखीत आहे. पण भरपाईचे सूत्र पाहा : घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के. ज्याची जमीन जास्त त्याला जास्त, आणि शून्याचे साडेबारा टक्के शून्यच. त्याच शेतात लावणीला येणारी, मिठागरात फावडे मारणारी भूमिहीन माणसेही विस्थापित झाली. मुआवजा कितीही न्यायाने वाटला तरी तो जुन्या अन्यायाच्या मापानेच वाटला जातो, कारण माप सातबाऱ्याचे असते. आमण्यापर्यंत येऊन ठेपलेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने किती घरांत पैसा आणला, हे शहापूर-भिवंडीकडच्या नव्या बंगल्यांवरून दिसते. आधी ज्याच्या नावावर काही नव्हते, त्याच्यापर्यंत तो पोचलेला नाही.

हिशेब

सुखदेव थोरात, नितीन तागडे आणि अजय नाईक यांनी २०१३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीवरून देशाचे चित्र मांडले. हिंदू उच्च जातींची लोकसंख्या सुमारे २२ टक्के, संपत्तीतला वाटा ४१ टक्के. अनुसूचित जातींचा संपत्तीतला वाटा ७.६ टक्के, जमातींचा ३.७; दोन्ही वाटे त्यांच्या लोकसंख्येच्या निम्म्याहून कमी. भारतीय कुटुंबांच्या मालमत्तेत जमीन आणि इमारती मिळून सुमारे नऊ दशांश भरतात. म्हणजे हे आकडे मुळात जमिनीचेच आहेत. नोकरीतल्या आरक्षणाने पगाराची दरी कमी होते, मालमत्तेची होत नाही, कारण तिकडे आरक्षण कधी नव्हतेच. तिकडे फक्त वारसा आहे.

यावर नेहमीचे उत्तर असते की झाले ते झाले, आता ज्याने त्याने कमवावे. कमवायला कोणाची ना नाही. पण कागद मागचेच ठेवायचे आणि माणसांनी मात्र पुढचे पाहायचे, हा न्याय नव्हे. वतन जमिनीवरचा निम्मा नजराणा हा इतिहासातला अन्याय नाही, तो चालू दर आहे. तो उद्या बदलता येतो. मूळ वतनदाराने स्वतः जमीन विकसित केली तर त्याला कुळाचे माप लावता येते, आणि मोकळी झालेली जमीन बिल्डरच्या मुखत्यारपत्रात जाऊ नये म्हणून वाटेकऱ्यांची सहकारी संस्था करता येते. सारस्वतांनी १९१५ मध्ये तेच केले होते. आदिवासी जमिनीची मालकी न हलवता तिच्यावर शासनाच्या हमीने कर्ज देता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे निकाली काढता येतात. भूसंपादनात भूमिहीनांसाठी जमिनीशी न जोडलेला वाटा ठेवता येतो. चाळीच्या खोलीला कागद देता येतो. यातल्या एकाही गोष्टीसाठी राज्यघटना बदलावी लागत नाही.

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ ला येत्या जनगणनेत जात मोजायचे ठरवले. कोणत्या जातीची डोकी किती, यावर पुढची दोन-चार वर्षे हाणामारी होईल. खरा आकडा डोक्यांचा नाही. कोणाच्या नावावर किती गुंठे आहेत, किती चौरस फूट आहेत, त्यांतले वर्ग १ किती आणि वर्ग २ किती, हा आहे. त्यातला जमिनीचा बराच भाग काढायला घरोघर हिंडायचीही गरज नाही. महाराष्ट्राने सातबारे संगणकावर चढवले आहेत, त्यांवरचे शेरे शासनाच्या दप्तरात आहेत. फक्त त्यांची बेरीज करून ती जाहीर करायची आहे. ती अजून झाली नाही, यात अडचण तंत्राची नाही. बेरीज बाहेर आली की गुणवत्तेवरचे आपले बरेच निबंध पुन्हा लिहावे लागतील.